नशिबाचे बी

मी निवृत्त झालो त्या दिवशी आमच्या साहेबांनी भाषण केले. अशा दिवशी माणसाबद्दल जे बोलायचे असते तेच ते बोलले. मी वक्तशीर होतो, मनमिळाऊ होतो, रजा शिल्लक ठेवून चाललो होतो. शेवटी आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "आणि मुख्य म्हणजे, इतक्या वर्षांत यांनी जाणूनबुजून कोणाचंही वाईट केलं नाही." टाळ्या पडल्या. माझ्या एका हातात नारळ होता आणि दुसऱ्यात शाल, त्यामुळे मला हातही जोडता येईनात. 'जाणूनबुजून' हा शब्द साहेबांनी सहज वापरला असणार. पण तो कानावर पडला आणि माझ्या डोळ्यांपुढे एक पितळी बिल्ला उभा राहिला. त्याच्यावर आकडा होता, ४१७.

ही गोष्ट १९८८ सालची. मुंबईच्या उपनगरातल्या एका कारखान्यात मी प्रोग्रामर होतो; नोकरीला लागून पुरते वर्षही झाले नव्हते. कारखान्यात विजेची बटणे, खटके आणि त्यांचे तांब्यापितळेचे सुटे भाग तयार होत. माझे काम पगारपत्रकाचे. हजेरी, ओव्हरटाइम, प्रॉव्हिडंट फंड, सोसायटीचा हप्ता, हे सारे कोबोल नावाच्या भाषेत लिहून यंत्राला भरवायचे. या कामाची मौज अशी, की त्यात नशिबाला जागा नसते. तेच आकडे घातले की तोच पगार बाहेर आला पाहिजे. आज एक आणि उद्या दुसराच आला, तर आधी युनियन विचारील आणि मागून ऑडिटर. तेच घाला, तेच मिळेल. धंद्याच्या हिशोबाचे सगळे शहाणपण एवढ्यात येते. मी त्या शहाणपणावर सुखाने जेवत होतो.

आणि एक दिवस पर्सोनेल मॅनेजरांनी बोलावून सांगितले, "आपल्याला झडतीची यादी कॉम्प्युटरवर घ्यायची आहे."

तांब्यापितळेच्या कारखान्यात पाळी सुटताना झडती असायचीच. पण दिवसपाळीची सहाशे माणसे एकदम बाहेर पडणार; सगळ्यांचे डबे उघडायला बसले तर दिवेलागण होईल. म्हणून थोड्यांची घ्यायची, पण कोणाची ते आधी कोणाला कळता कामा नये. आमच्या फाटकावर त्यासाठी एक गाडगे होते. त्यात तीस गोट्या. एकोणतीस पांढऱ्या आणि एक लाल. जाणाऱ्याने आत हात घालून गोटी काढायची, जमादाराला दाखवायची आणि परत टाकायची. लाल आली की बाजूच्या खोलीत जायचे. पद्धत जुनी आणि चांगली होती, पण तिच्यात दोन खोडी होत्या. एक तर रांग लांबे. दुसरे असे, की लाल गोटीचा कधी तरी टवका उडाला होता, आणि ज्याला भिण्याचे कारण असे त्याच्या बोटांना तो टवका बरोबर समजे. म्हणून गाडगे गेले आणि मी आलो.

सहाशे बिल्ल्यांतून रोज वीस नंबर काढायचे. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तीसात एक, हेच जुने प्रमाण. मी वापरीत होतो त्या कोबोलात चिठ्ठ्या टाकण्याची सोय नव्हती. बेसिक या भाषेत ती होती. 'आरएनडी' एवढे लिहिले की यंत्र शून्य आणि एक यांच्यामधला कोणता तरी अपूर्णांक हातावर ठेवी. अर्ध्या दिवसात प्रोग्राम झाला. टाइम ऑफिसातले छोटे यंत्र दुपारी चारला चालू करायचे, यादी छापायची, टाइम-कीपरने खाली सही करायची, आणि यंत्र बंद करून त्याला रेक्झिनचे घोंगडे पांघरायचे. मी प्रोग्राम चालवून लागोपाठ सहा याद्या काढून पाहिल्या. सहाही निराळ्या. मॅनेजरसाहेबांनी पाठीवर थाप मारली.

दोन आठवड्यांनी एक गृहस्थ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. वय पन्नाशीच्या आसपास, खाकी कपडे स्वच्छ धुतलेले, टोपी हातात. बिल्ल्यावर ४१७. लेथवर टर्नर, नोकरी बावीस वर्षांची.

"साहेब, माझ्यावर काही वहीम आहे का?"

"वहीम? छे! कोणी सांगितलं?"

"कोणी सांगत नाही. रोज झडती होते."

मी हसलो. ते हसणे मला आजही ऐकू येते. मी त्यांना समजावले, की यादी माणूस काढत नाही, यंत्र काढते. यंत्राला तुमचे नाव ठाऊक नाही, तोंड ठाऊक नाही. याला योगायोग म्हणतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "अकरा दिवस झाले, साहेब."

हिशोबाच्या माणसाला एवढे पुरे होते. तीसात एक म्हणजे लागोपाठ दोन दिवस नाव येण्याचा योग ९०० मध्ये एक. तीन दिवस, २७,००० मध्ये एक. पाच दिवस, २,४३,००,००० मध्ये एक. अकरा दिवसांचा हिशोब मी केलाच नाही. टाइम ऑफिसातून याद्यांची फाइल आणवली आणि दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. आकड्यावर आकडा बसला. तिसरा कागद धरला, तोही बसला. अकरा दिवस तेच वीस नंबर, त्याच क्रमाने, आणि सगळ्यांत वर ४१७.

जमादारांना हे दिसले नव्हते का? दिसले होते. टाइम-कीपरलाही दिसले होते. मी विचारले तेव्हा दोघांनी एकच उत्तर दिले, "आम्हांला वाटलं, वरून यादी आली." कॉम्प्युटरने छापलेला कागद आणि त्यावर रोज तेच नंबर, याचा अर्थ कारखान्याने आपापसांत केव्हाच लावून टाकला होता: या वीस जणांवर कंपनीचा डोळा आहे. वीसांपैकी काहींनी ते थट्टेवारी नेले. एकाने तर डबा आणणेच सोडून दिले. ४१७ ना ते जमले नाही. त्यांच्या मुलीचे लग्न ठरत आले होते, आणि मुलाचे काका आमच्याच पेंटिंग खात्यात होते. फाटकावरची रांग काकाही रोज पाहत होते.

आता यंत्राने असे का करावे? उत्तर अगदी साधे आहे, आणि ते मला ठाऊक असायला हवे होते. यंत्राला चिठ्ठी टाकता येत नाही. त्याला फक्त गणित येते. डी. एच. लेमर या अमेरिकन गणितज्ञाने १९४९ साली एक युक्ती सांगितली, आणि तिचीच भावंडे पुढे नाना यंत्रांत शिरली. एक आकडा घ्या, त्याला एका ठरलेल्या मोठ्या संख्येने गुणा, दुसऱ्या ठरलेल्या संख्येने भागा आणि बाकी ठेवा. ती बाकी हा तुमचा पहिला लहरी आकडा. तिलाच पुन्हा गुणा, भागा, बाकी ठेवा, हा दुसरा. बाक्यांची ही माळ इतकी वेडीवाकडी दिसते, की नुसत्या पाहणाऱ्याला पुढचा मणी कोणता ते सांगता येत नाही. पण माळ ठरलेली असते. पहिला आकडा तोच असला, तर शेवटपर्यंत सारे तेच. शासकीय मराठीत या आकड्यांना 'यादृच्छिक' असे भारदस्त नाव आहे. पण त्यांच्यात स्वतःची इच्छा काडीचीही नसते. जो पहिला आकडा देऊन सुरुवात करायची त्याला इंग्रजीत 'सीड' म्हणतात, म्हणजे बी. शब्द मोठा नेमका आहे. बाजरीचे बी पेरून गहू उगवत नाही.

बेसिकमध्ये तुम्ही बी दिले नाही, तर प्रोग्राम सुरू होताना यंत्र पदरचे एक ठरलेले बी घेते, आणि दर वेळी तेच घेते. ते बदलायला 'रँडमाइझ' असा एक शब्द लिहावा लागतो. तो मी लिहिला नव्हता. चाचणीत मी काढलेल्या सहा याद्या एकाच माळेचे सहा तुकडे होते. उद्याची माळ पुन्हा पहिल्याच मण्यापासून सुरू होते की काय, हे पाहायला यंत्र बंद करून परत चालू करावे लागते. तेवढे कष्ट मी घेतले नव्हते.

वास्तविक जुनी माणसे या बाबतीत माझ्याहून सावध होती. यंत्रे घरोघर येण्यापूर्वी असे आकडे पुस्तकात छापून मिळत. टिपेट या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९२७ साली ४१,६०० अंकांचे पुस्तक काढले. अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने १९५५ साली तब्बल दहा लाख अंक छापले, आणि सुरुवातीलाच वापरण्याची रीत सांगितली: पुस्तक कोठेही उघडा, न पाहता एक आकडा निवडा आणि त्यावरून आरंभाची ओळ ठरवा. रोज पहिल्या पानापासून वाचू नका, एवढाच त्याचा अर्थ. मी सहाशे माणसांची अब्रू रोज पहिल्या पानापासून वाचीत होतो.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती केली. यंत्रात घड्याळ असते; मध्यरात्रीपासून किती सेकंद उलटले तो आकडा मी बी म्हणून दिला. माझ्या टेबलावरच्या यंत्रावर दहा वेळा बंद-चालू करून पाहिले. दहा याद्या, दहाही निराळ्या. मग फलकावर सूचना लावली, की आधीच्या याद्या प्रोग्रामातल्या चुकीमुळे सारख्या निघाल्या, त्यांत कोणावरही संशय नव्हता. खाली माझी सही. मॅनेजरसाहेबांना 'चुकीमुळे'च्या जागी 'तांत्रिक कारणामुळे' हवे होते. मी अजून कायम झालो नव्हतो, तरी तेवढा एक हट्ट धरला.

नंतर पेंटिंग खात्यात गेलो. मुलाच्या काकांना बाजूला घेऊन बी, बाकी, माळ, सगळे समजावले. रंगाने माखलेले हात चिंधीला पुसत त्यांनी शांतपणे ऐकले आणि शेवटी विचारले, "म्हणजे चूक तुमची आणि झडती त्यांची?"

यावर मला उत्तर सुचले नाही. अजून सुचलेले नाही.

ते स्थळ जमले नाही. पत्रिका जुळत नाही, असे कारण सांगण्यात आले. खरोखरच जुळली नसेल. पत्रिका हीही जन्मवेळेच्या बीपासून काढलेली एक माळच आहे. पण त्या नकारात माझ्या अकरा याद्यांचा वाटा किती होता, हे मला कधीच कळले नाही. ४१७ मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. दिसले की "काय साहेब" म्हणून मान हलवीत.

यादीत आता त्यांचा नंबर दिसेना, तक्रार येईना, आणि मी पुन्हा सुखाने जेवू लागलो. तीन आठवड्यांनी जमादार आले. हे लष्करातून निवृत्त झालेले, सातारकडचे, बोलणे थोडके.

"साहेब, मागं वीस जण होते. आता ऐंशी झालेत."

"म्हणजे?"

"चारच याद्या हायत. त्याच फिरून फिरून येतात. या खेपेला मी लिहून ठेवल्यात." त्यांनी खिशातून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली.

टाइम ऑफिसातले यंत्र स्वस्तातले होते. त्याच्या घड्याळाला बॅटरी नव्हती. बंद केले की त्याचा काळ थांबे, आणि चालू केले की त्याच्या लेखी १९८० सालचा १ जानेवारी लागे, रात्री बाराच्या ठोक्याला. टाइम-कीपरला त्रास नको म्हणून यंत्र चालू होताच प्रोग्राम आपोआप सुरू व्हावा, अशी व्यवस्था मीच केली होती. यादीवरची तारीख तो मागाहून हाताने टाइप करी. तेव्हा माझा प्रोग्राम रोज त्या मध्यरात्रीनंतर ठरावीक सेकंदांनी घड्याळाकडे पाहत होता. फ्लॉपीने दोनतीन सेकंद इकडे-तिकडे केले तर बी बदले, एवढाच काय तो फरक. टाइम ऑफिसातल्या यंत्राला टाइमच ठाऊक नव्हता! माझ्या टेबलावरचे यंत्र महागातले, बॅटरीवाले. चाचणी मी त्याच्यावर केली होती.

पण खरी लाज वाटली ती याची नव्हे. ४१७ यादीत नाहीत एवढे पाहून मी थांबलो होतो. ज्याने तक्रार केली त्याची झडती टळली, की माझ्या लेखी न्याय झाला. राहिलेल्या ऐंशी जणांत कोणाची मुलगी लग्नाची आहे, हे मी कुठे पाहिले होते?

"आता काय करावं?" मी जमादारांना विचारले. प्रोग्रामरने जमादाराला हे विचारण्याची रीत नाही. पण त्या वेळी कारखान्यात त्या विषयातले जाणते तेच होते.

ते म्हणाले, "गाडग्यात ज्यानं त्यानं हात घालायचा, साहेब. लाल आली तर त्याच्या हातानं आली. कागद तुमच्या हातानं येतो."

त्या एका वाक्याने वाट सापडली. मी प्रोग्राम असा बदलला, की यंत्राने आपल्याशीच एक, दोन, तीन असे भराभर मोजत बसायचे. पाळी सुटली की फाटकाशी जो कामगार पहिला येईल त्याने कळ दाबायची. दाबली त्या क्षणी जो आकडा चालू असेल ते त्या दिवशीचे बी. आकडे इतक्या वेगाने पुढे सरकत, की ठरवूनही कोणाला हवा तो गाठता येऊ नये. यंत्राच्या पोटात नशीब नव्हतेच; ते बाहेरून, माणसाच्या बोटातून आणावे लागले.

मात्र हिशोबी स्वभाव जात नाही. ते बी मी यादीच्या डोक्यावर छापायला लावले. ज्याला शंका येईल त्याने तोच आकडा पुन्हा घालावा, तीच यादी निघेल. युनियनच्या सेक्रेटरींनी दोनदा करून पाहिले, ऑडिटरांनी एकदा. धंद्यातल्या चिठ्ठीला दोन गोष्टी एकदम लागतात, हे मला तेव्हा उमगले: आधी कोणाला सांगता येऊ नये, आणि मागून कोणालाही पडताळता यावे. बी बाहेरून आणले की पहिली साधते; बी लिहून ठेवले की दुसरी. (गुपिते राखण्याच्या कामी मात्र बी असे उघड्यावर टाकून चालत नाही, तिथे बी म्हणजेच किल्ली.) युनियनने एक अट घातली, की सहाशे नंबरांच्या पुढे स्टाफचेही नंबर यादीत घालावेत. मॅनेजरसाहेबांनी आढेवेढे घेतले. पण फलकावरच्या माझ्या सहीने कंपनीची बाजू आधीच लंगडी झाली होती.

पुढे मोठमोठ्यांच्या चुका वाचनात आल्या आणि माझा एकटेपणा कमी झाला. १९९५ साली नेटस्केपच्या गुप्त संदेशांचे कुलूप बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी उघडून दाखवले. बी घेतले होते घड्याळातून आणि यंत्रावरच्या कामांच्या अनुक्रमांकांतून, म्हणजे अंदाज करता येण्याजोगे. २००६ साली डेबियन या प्रणालीत कोणी साफसफाई म्हणून एक निरुपयोगी वाटलेली ओळ गाळली, आणि २००८ साली उघडकीस येईपर्यंत तिच्यावर तयार होणाऱ्या किल्ल्यांना जेमतेम ३२,००० च्या आसपास बिया उरल्या होत्या. या झाल्या चुका. अमेरिकेत तर लॉटरीच्या संस्थेतल्या माहितीसुरक्षेच्या प्रमुखानेच आकडे काढणाऱ्या प्रोग्रामात असे काही दडवले, की वर्षातल्या ठरावीक तारखांना आकडे आधी ओळखता यावेत. २०१० सालच्या एका सोडतीचे १ कोटी ६५ लाख डॉलरचे तिकीट त्याने घेतले होते; २०१५ साली तो दोषी ठरला. कागदावरचे आकडे त्याचेही लहरीच दिसत होते.

आजची यंत्रे शहाणी झाली आहेत. कळा दाबण्यातले अंतर, चिपमधल्या विजेची खरखर, अशा बारीकसारीक गोष्टींतून ती सदोदित बी गोळा करून ठेवतात आणि मागेल त्याला देतात. पण मागावे लागते. मागायचे विसरणारा तरुण आजही कुठल्या तरी टेबलाशी बसलेला असेल, आणि त्याच्या यादीतला पहिला नंबर कुठल्या तरी रांगेत उभा असेल.

पुढच्या वैशाखात ४१७ च्या मुलीचे लग्न दुसऱ्या चांगल्या स्थळी झाले. मला आमंत्रण होते. मी आहेर घेऊन गेलो, पंगतीत बसलो, आणि त्यांनी स्वतः आग्रह करून मला जिलबी वाढली.

पण मला जे सांगायचे आहे ते त्याच्या आधीचे. नवी पद्धत सुरू झाल्यावर पाचसहा आठवड्यांनी माझा नंबर यादीत आला. जमादारांनी तो इतरांसारखाच पुकारला. हे कसे घडले ते त्या रांगेत माझ्याइतके कोणालाही ठाऊक नव्हते. प्रोग्राम माझा, प्रमाण माझे, दुरुस्ती माझी. तरीही कानाच्या पाळ्या तापल्या. सगळ्यांच्या देखत मी डबा उघडला. आत अर्धी पोळी आणि लोणच्याची एक फोड उरली होती. जमादारांनी पाहिले, झाकण लावले, "चला" म्हणाले. एका मिनिटाचे काम. त्या मिनिटाला अकराने गुणून पाहण्याचा मी प्रयत्न केला, आणि तो हिशोब मला जमेना.

डबा पिशवीत घालताना मागे नजर गेली. चार माणसे सोडून ४१७ उभे होते. रांगेतले बाकीचे माझ्याकडे पाहत होते, कोणी हसतही होते. ते मात्र समोरच्या भिंतीवरचा सूचना-फलक मन लावून वाचत होते. फलकावर त्या दिवशी काहीच लावलेले नव्हते.